अळीमिळी गुपचिळी : भयखेळांतले न बोलणारे अपराधी

तलावपाळी_रात्री | शुक्रवार, रात्री ११:५२

आधीच सांगतो. खाली ओमोरी, अम्नेशिया आणि सायलेंट हिल २ या तिन्ही गेमची गुपितं फोडली आहेत. ज्यांना खेळायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं. शिवाय ओमोरीत आत्महत्येचा विषय आहे. गेम स्वतःच सुरुवातीला तसं सांगतो, म्हणून मीही सांगून ठेवतो.

गेल्या आठवड्यात ओमोरी दुसऱ्यांदा खेळत होतो. जुना लॅपटॉप, कानात हेडफोन, हॉलमधला दिवा बंद, आतल्या खोलीत आई झोपलेली. सनी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा. चार वर्षं घरात कोंडून घेतलंय. तीन दिवसांनी घर सोडून दुसरीकडे राहायला जायचंय आणि बाहेर जुना मित्र दार वाजवतोय. उघडायचं की नाही ते आपण ठरवायचं. मी ठरवत बसलो होतो, तेवढ्यात पुन्हा ठक ठक झालं आणि मी चक्क उठून आमचं सेफ्टी डोअर उघडलं. पॅसेजमध्ये कोणी नाही. शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड आणि वर फडफडणारी ट्यूब. मागे वळतो तर आई अंधारात उभी.

"कोण होतं रे?"
"कोणी नाही."
"मग उघडलंस कशाला?"

याला काय उत्तर देणार? गप्प बसलो. त्या गप्प बसण्यातून हा धागा निघालाय.

गेममधला मुका नायक काही नवा नाही. हाफ-लाइफमधला गॉर्डन फ्रीमन १९९८ पासून तोंड उघडत नाही. पण तो गप्प असतो कारण आतून रिकामा असतो. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा, आपण आपले हात त्यात घालायचे आणि चालू पडायचं. त्याच्या गप्प असण्याला काही अर्थ नाही, सोय आहे.

सनीचं तसं नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं आहे म्हणून तो गप्प आहे. गेमचा बराचसा भाग त्याच्या स्वप्नात घडतो. तिथे सगळं रंगीबेरंगी, मित्र चार वर्षांपूर्वीच्याच वयाचे राहिलेले, बहीण मारी चादर अंथरून डबे उघडून वाट बघतेय. आणि या सगळ्यात तो एकटा काळापांढरा. लढाईत हृदय (म्हणजे उरलेला जीव दाखवणारा आकडा) पहिल्यांदा शून्यावर आलं तरी हा मरत नाही, १ वर अडकून राहतो. मला आधी वाटलं, खेळाडूला दिलेली सवलत असेल. नंतर कळलं की हा स्वतःला मरूही देत नाही आणि सांगूही देत नाही.

झालं होतं असं : दोघांचा एकत्र कार्यक्रम, मारी पियानोवर आणि हा व्हायोलिनवर. त्या दिवशी भांडण झालं, जिन्याच्या तोंडाशी धक्का बसला, ती गेली. एवढ्यावर थांबलं असतं तर तो अपघात होता. पण बॅझिल नावाचा मित्र तिथे होता. दोघांनी मिळून असं दाखवलं की तिने स्वतःच जीव दिला. बारा वर्षांची पोरं. बाकी सगळे मित्र चार वर्षं त्याच खोट्याचं ओझं वाहतात. आपण तिच्याकडे लक्ष दिलं नाही, असं ज्याला त्याला वाटतं.

माझा मुद्दा एवढाच. तो मित्रांपासून लपवतो, समजलं. स्वतःपासून लपवतो, तेही समजलं. पण तो माझ्यापासूनही लपवतो, आणि बटणं तर मी दाबतोय! वीसेक तास मी त्याला लपवायला मदत केली. त्याच्या बहिणीच्या चादरीवर बसून गेम सेव्ह केला. बोलका नायक असता तर मी म्हटलं असतं, हा खोटारडा आहे. मुक्या नायकाने मलाच साथीदार करून टाकलं.

तुम्हाला असं कुठल्या गेममध्ये वाटलंय का?

---

घणसोली_डाऊन | शनिवार, रात्री १२:३१

वाखूसा (वाचनखूण साठवली). बऱ्याच दिवसांनी इथे गेमवर धड काही वाचलं.

अम्नेशियाबद्दल तुम्ही वर नाव घेऊन पुढे काहीच लिहिलं नाहीत म्हणून मीच लिहितो. २०१० चा गेम, स्वीडनच्या फ्रिक्शनल कंपनीचा. काळ १८३९, प्रशियातला ब्रेनेनबर्गचा किल्ला. डॅनियल शुद्धीवर येतो, काही आठवत नाही, आणि थोड्या वेळाने त्याला स्वतःच्याच हातची चिठ्ठी सापडते : विसरण्याचं औषध मीच प्यायलोय, का ते सांगत नाही, तू फक्त खाली जा आणि किल्ल्याच्या मालकाला, अलेक्झांडरला, मार.

हत्यार एकही नाही. कंदील, तेल, काडेपेट्या. अंधारात उभं राहिलं की डोकं फिरायला लागतं, भूत आलं तरी त्याच्याकडे बघायची सोय नाही, बघितलं की आणखी फिरतं. आणि तो दात खाण्याचा आवाज! मी कॉलेजात असताना खेळलो, अजून कोणी झोपेत दात खाल्ले की दचकतो. लग्न झाल्यावर हा प्रश्न जरा गंभीर झालाय, असो.

खरी मेख वेगळी आहे. तळघरात कैद्यांचे हाल करून त्यांच्या वेदनेतून एक द्रव काढायचे. माणूस यातनांना सरावला की द्रव कमी. म्हणून त्यांना विसरण्याचं औषध पाजायचे, म्हणजे दर वेळी भीती कोरी करकरीत. आणि हे सगळं डॅनियलने स्वतःच्या हाताने केलेलं. शेवटी तेच औषध तो स्वतः पितो. दुसऱ्यांना जे शिक्षा म्हणून पाजलं, ते स्वतःला माफी म्हणून.

---

झणझणीत | शनिवार, सकाळी ९:१०

धागा चांगला, पण मूळ मुद्दाच पटला नाही. मिसळ खाता खाता लिहितोय, तिखट लागलं तर माफ करा.

एक तर डॅनियल मुका नाहीच. सुरुवातीलाच स्वतःचं नाव-गाव बडबडतो. डायऱ्या त्याच्याच आवाजात ऐकू येतात.

दुसरं, गप्प बसून लपवणं सोपं असतं हो. बोलत बोलत लपवणं ही खरी कला. सायलेंट हिल २ चा जेम्स घ्या. २००१ चा मूळ घ्या नाहीतर २०२४ चा रिमेक. मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून गावात येतो. भेटेल त्याला सांगतो, बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. किती सभ्य, किती दुःखी माणूस! आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत टेप लावली की दिसतं, उशी याच्याच हातात होती. जेम्स तोंडावर खोटं बोलतो आणि आपण मान डोलावतो. तुमचा सनी हाताची घडी तोंडावर बोट करून बसलाय, त्याच्यावर तर पहिल्या तासातच संशय येतो. चोराच्या मनात चांदणं, आणि याच्या मनात तर फ्लडलाइट.

---

तलावपाळी_रात्री | शनिवार, सकाळी ११:४५

@झणझणीत, डॅनियलबद्दल तुमचं बरोबर, मी 'मुका' फार सैल वापरला. पण नीट बघा, बोलतो तो कुठला डॅनियल? डायरीतला, मागचा, ज्याने सगळं केलं तो. सुरुवातीची बडबड संपली की कंदील हातात घेऊन चालणाऱ्या डॅनियलच्या वाट्याला श्वास, कण्हणं आणि दात एवढंच येतं. पाप करणाऱ्याला आवाज आहे, भोगणाऱ्याला नाही. माझ्यासाठी हे मुकं असण्यापेक्षा भयंकर आहे.

जेम्सचं मात्र तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध उदाहरण दिलंत. तो गेम शेवट कसा ठरवतो? जेम्स काय बोलला यावरून नाही. गावात भेटणाऱ्या अँजेला नावाच्या मुलीकडून मिळालेला चाकू तुम्ही सामानातून काढून सारखा बघितलात का, जखमी असून औषध न घेता हिंडलात का, बायकोचा फोटो आणि पत्र उघडून पाहिलंत का. हे सगळं गेम न सांगता मोजतो आणि त्यावरून जेम्सचं काय व्हायचं ते ठरवतो. तोंड काहीही बोलो, हात काय करतात ते बघतो. आणि हात आपले आहेत.

ते पत्रही आठवा. खिशातल्या पत्रावरची अक्षरं खेळता खेळता पुसट होत जातात, शेवटी कागद कोरा. जेम्स त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

---

झणझणीत | शनिवार, दुपारी १२:०२

पत्राचं विसरलो होतो. एक गुण तुम्हाला. बाकी मतभेद कायम.

---

काम_ना_धंदा | शनिवार, दुपारी २:२०

चाळिशीला आलेली माणसं व्हिडिओ गेमवर निबंध लिहितायत. घोडबंदरचे खड्डे बघा जरा.

---

घणसोली_डाऊन | शनिवार, दुपारी २:२६

बघतो की रोज. तिथे मात्र आम्ही सगळेच मुके नायक आहोत.

---

जुनी_पेटी | शनिवार, दुपारी ४:४०

मी गेम खेळत नाही, पण तुमचं वाचून विक्रम-वेताळ आठवले. राजाच्या खांद्यावर प्रेत, स्मशानाची वाट. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार. म्हणजे बोलणंही अवघड, न बोलणंही अवघड. तुमच्या सनीची गत वेगळी आहे का?

---

झणझणीत | शनिवार, दुपारी ४:५८

उपमा झकास, पण विक्रमाने कोणाला मारलं नव्हतं. तो नुसता हमाल. प्रेत दुसऱ्याचं, ऑर्डर जोगड्याची. टोचणी कसली असणार त्याला?

---

तलावपाळी_रात्री | शनिवार, संध्याकाळी ५:३०

हमाल! मेलो. पण जुनी_पेटी, एक गोष्ट मात्र तंतोतंत जुळते. सनीच्या मागेही एक काळी सावली सतत असते, एका डोळ्याची. गेम तिला नाव देत नाही, 'काहीतरी' एवढंच म्हणतो. फरक इतकाच की वेताळ फार बोलका आणि ही अगदी गप्प. प्रश्नही आपणच विचारायचे.

---

कोपरखैरणेची_काकू | शनिवार, रात्री ९:१५

मी इथे पाककृतींच्या विभागात असते, आज मुद्दाम आले. माझा धाकटा अकरावीत आहे. दार लावून हाच गेम खेळतो, ओमोरी. भिंतीवर त्या काळ्यापांढऱ्या मुलाचं चित्रही लावलंय. तुमचा धागा वाचून पोटात गोळा आला. मी काळजी करावी का? रागावू नका, मला यातलं काही कळत नाही म्हणून विचारते.

आणि एक. तुम्ही सगळे त्या मुलाला गप्प का, गप्प का म्हणताय. आमच्याकडे गप्प मुलाला गुणी म्हणतात हो. 'घरात मूल आहे असं वाटतसुद्धा नाही' हे आम्ही कौतुकाने सांगतो. त्याला कोणी विचारलंच नसेल, तर तो सांगणार कधी?

---

तलावपाळी_रात्री | शनिवार, रात्री १०:०५

काकू, रागावू कशाला? खरं तर एवढे प्रतिसाद आले, पण हा मुद्दा आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

गेम आवडतो एवढ्यावरून घाबरू नका. लाखो मुलांना आवडतो. चित्रं सुंदर आहेत, संगीत सुंदर आहे, विनोदही भरपूर आहे. पण दार लावून बसण्याचं प्रमाण वाढलं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर तो गेमचा प्रश्न नाही, तेव्हा नीट विचारा आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी बोला. नाहीतर सरळ शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, दाखव बरं काय आहे. बहिणीच्या चादरीवर तो थांबला की सांगेल काहीतरी. फक्त 'यात मारामारी आहे का' हा प्रश्न पहिला विचारू नका.

---

नेरूळ_पूर्व | रविवार, रात्री १:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

घणसोली_डाऊन | रविवार, सकाळी ८:३०

@नेरूळ_पूर्व, काय लिहिलं होतंत? चांगलं तीन परिच्छेदांचं दिसत होतं. मी चहा टाकून आलो तोवर गायब.

---

नेरूळ_पूर्व | रविवार, रात्री ११:४०

तिसऱ्यांदा लिहितोय. या वेळी काढणार नाही.

मी गेम खेळलेला नाही. यूट्यूबवर कोणीतरी खेळलेला पाहिला, शेवटपर्यंत, दोन रात्री. जिना आला तेव्हा बंद केला आणि पुन्हा लावला.

सिडकोच्या वसाहतीत वाढलो. आमच्या बिल्डिंगमागे भिंत होती, तिच्यावर सिमेंटमध्ये रोवलेल्या काचा. बॉल पलीकडे गेला की मोठ्या मुलाने आणायचा हा नियम. मोठा मी, अकरा वर्षांचा. तो नऊचा. मला त्या दिवशी कंटाळा आला होता. खरंच, एवढंच कारण. मी म्हटलं, तू जा, मी खालून धरतो. त्याचा पाय माझ्या हातांच्या ओंजळीत होता. मी 'चल चल' म्हणत वर ढकललं, जरा जास्तच. त्याने तोल सांभाळायला डावा हात टेकला.

मोठी माणसं धावत आली. मी म्हटलं, मी नको म्हणत होतो, हाच चढला. तो ओरडत होता, पण त्याने ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. तेव्हाही नाही, त्यानंतरही नाही.

त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आजही पूर्ण वळत नाही. डावखुरा स्पिनर होता. मित्र आहे अजून, जवळचा. त्याच्या साखरपुड्याला अंगठी त्या बोटात जाईना, सांध्यावर अडकली. सगळे हसले, गुरुजी म्हणाले दुसऱ्या हातात घाला. मी फोटो काढत होतो. तो फोटो माझ्याकडे आहे. सगळे हसतायत आणि तो कॅमेऱ्याकडे बघतोय.

तुम्ही लिहिलंत ना, हात काय करतात ते बघतो. तिथे अडकलो मी.

---

झणझणीत | सोमवार, सकाळी ७:५०

सकाळी सकाळी वाचलं. विनोद करायची हिंमत नाही.

फक्त एक विचारतो, आणि हे तुम्हाला बोल लावायला नाही. सांगितलंत तर बरं कोणाला वाटेल? तुम्हाला. त्याने पंचवीसेक वर्षं ते बोट घेऊन आयुष्य उभं केलं. आता त्याच्यापुढे जाऊन ओझं उतरवायचं म्हणजे ते त्याच्या खांद्यावर द्यायचं. सनीबद्दलही मला हेच वाटलं होतं. मित्र कसेबसे सावरत होते, त्यांना परत त्या जिन्यावर नेलं.

---

तलावपाळी_रात्री | सोमवार, दुपारी १:२०

सनीपुरतं तरी मला पटत नाही. त्याचे मित्र सावरत नव्हते, खोट्यावर उभे होते. ज्याने त्याने स्वतःला दोषी धरलं होतं. सत्य त्यांच्या हक्काचं होतं. आणि म्हणूनच शेवट तसा ठेवलाय असं वाटतं. तो हॉस्पिटलच्या खोलीत येतो, 'मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय' म्हणतो, आणि पडदा. ते रडले, ओरडले की निघून गेले, काही दाखवत नाहीत. पहिल्यांदा खेळलो तेव्हा चिडलो होतो, पैसे परत द्या म्हणालो होतो. आता वाटतं, त्यांचं उत्तर बघायचा हक्क आपल्याला कुठे होता? लपवायला आपण होतो, तेवढं पुरे.

नेरूळ_पूर्व, तुमचं मात्र तुम्हीच ठरवा. गेमवरून माणसांना सल्ले देण्याएवढा मी शहाणा नाही.

---

कोपरखैरणेची_काकू | सोमवार, रात्री ८:४५

बाळा, (वय माहीत नाही, पण म्हणते) तुम्ही सगळे अपराधगंड लिहिताय. आम्ही टोचणी म्हणायचो. पायात काटा मोडला की माणूस चालतो, पळतोही, पण पाऊल जरा वाकडं टाकतो आणि नंतर तीच त्याची चाल होते. तुझ्या मित्राला कदाचित तुझी चालच दिसत असेल इतकी वर्षं.

धाकट्याच्या शेजारी बसले काल. चाळीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, आई, ही मांजर बघ. त्या गेममध्ये मांजर आहे म्हणे.

---

घणसोली_डाऊन | सोमवार, रात्री ९:०२

आहे काकू, म्याऊओ नाव तिचं. ती दाखवली म्हणजे तुम्हाला आत घेतलं.

---

काम_ना_धंदा | मंगळवार, सकाळी १०:१५

ऑफिसच्या लॅपटॉपवर चालेल का हा गेम? आयटीवाले ओरडतील का?

---

तलावपाळी_रात्री | मंगळवार, सकाळी १०:४०

चालायला चालेल, हलका आहे, आरपीजी मेकर नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलाय. आयटीवाले ओरडतीलच. घरच्या मशीनवर टाका. आणि पहिले काही तास 'हा काय पोरखेळ' वाटेल, तेवढे सोसा.

---

नेरूळ_पूर्व | गुरुवार, रात्री ११:०५

काल संध्याकाळी वाशी स्टेशनवर भेटलो. ऑफिस सुटल्यावर तो तिथूनच जातो. बाहेर कटिंग घेतला. ग्लास गरम होता, त्याने नेहमीसारखा उजव्या हातात धरला. मी 'ती भिंत आठवते का' एवढं म्हटलं आणि मग सगळं सांगितलं. ढकललं तेही, खोटं बोललो तेही, कंटाळ्याचंही.

तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही.

फलाटावर गेलो आणि तीन पनवेल सोडल्या.